उजव्या हातातली अंगठी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण तुमच्या ओळखीतला नव्हे. माझं बटण दाबलं की पोटात घरघर व्हायची आणि तोंडातून एक चौकोनी कागद बाहेर यायचा. आधी तो दुधासारखा पांढरा असे. मग धुक्यातून कुणी चालत यावं तसं त्यावर चित्र उमटायचं. खाली कोरी पट्टी असे, तिच्यावर हवं ते लिहिता येई. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता वाढदिवस, सहली, हसरी माणसं. नशिबी आली भुतं.

मला विकत घेतलं एका ताईने. सिनेमाच्या सेटवर ती कंटिन्युइटीचं काम करायची. म्हणजे काय ते सांगतो. सिनेमातला प्रसंग तुम्हाला सलग दिसतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. सोमवारी दार उघडणारी बाई गुरुवारी आत येते. मधल्या दिवसांत तिचे केस, तिची बटणं, हातातला कंदील, सगळं जसंच्या तसं राहायला हवं. ते ताई राखायची आणि पुरावा म्हणून फोटो मी द्यायचो. भयपटात तर फार जपावं लागे. मेणबत्ती जळत जळत लांब होऊन चालत नाही. डाव्या गालावरचा रक्ताचा ओघळ जेवणाच्या सुट्टीनंतर उजव्या गालावर गेला, तर लोक किंचाळायचं सोडून हसत सुटतात.

ताईची नजर भलती तेज होती. नुसत्या वस्तूच नाही, गोष्टीतली भोकंही तिला दिसायची. एकदा ती दिग्दर्शकांना म्हणाली, "साहेब, आपलं भूत भिंतीतून आरपार येतं ना?"

"येतं की."

"मग ते दाराची कडी कशाला वाजवतं?"

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, चांगल्या घरचं भूत आहे! न विचारता कसं शिरेल?"

सगळे हसले, पण दुसऱ्या दिवशी कडीचा प्रसंग गाळला गेला.

"माणसं विसरतात हो," ताई मला थोपटत म्हणायची, "पण हा कधी खोटं बोलत नाही." ते ऐकून मी फुगून जात असे. आज आठवलं की लाज वाटते.

त्याच सिनेमात एक म्हातारे नट होते. सेटवर सगळे त्यांना आजोबा म्हणत. पंचाहत्तरी उलटली होती, पण पाठांतर असं, की समोरचा अडखळला तर त्याचं वाक्यही ते ओठातल्या ओठात पुरवत. त्यांच्याकडे एक मोठा प्रसंग होता. म्हातारा आरशासमोर येऊन बसतो. बोटात त्याच्या मेलेल्या बायकोची अंगठी आहे. आरशात ती त्याच्या मागे उभी दिसते, आणि घाबरायचं सोडून तो रडू लागतो.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं आत येऊन बसायचं होतं. खोली बोळासारखी अरुंद, त्यात दिव्यांचे स्टँड. आजोबांच्या समोर उभं राहायला जागाच नव्हती. म्हणून ताईने मला त्यांच्या खांद्यावरून तिरकं धरलं, आम्ही दोघं आरशात येऊ नये असं, आणि आरशातल्या आजोबांचा फोटो काढला. आरसा एवढा मोठा, की त्याची चौकटही फोटोत आली नाही. अंगठी आजोबांच्या उजव्या हातात होती. आरशात अर्थातच ती डाव्या हातात दिसत होती. मला जे दिसलं ते मी टिपलं.

ताईला तेव्हा तिसरा महिना होता. त्या दिवशी उलट्यांनी ती हैराण झाली आणि पट्टीवर लिहायचं राहून गेलं. संध्याकाळी घरी तिने फोटो बघून लिहिलं, 'अंगठी – डावा हात.' मित्रांनो, मी तिच्या मांडीवरच होतो. पण कॅमेऱ्याला तोंड असतं ते फक्त कागद बाहेर टाकायला.

तिसऱ्या दिवशी रडण्याचा प्रसंग झाला. आजोबांनी आरशाकडे बघून एवढंच म्हटलं, "इतका उशीर लावलास होय गं?" आणि ते असे रडले, की दिवे धरणारे दोघं तोंड फिरवून उभे राहिले. "ओके," साहेब कसंबसं म्हणाले.

ताईने फोटो बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "साहेब, अंगठी चुकलीये. डाव्या हातात हवी होती."

"नाही गं पोरी," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "परवाही उजव्याच हातात होती. मला पक्कं आठवतंय."

ताईने फोटो पुढे केला. आजोबांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"फोटोत आहे म्हणजे असेल," ते हळूच म्हणाले. "वय झालं."

साहेबांनी तो टेक रद्द केला. अंगठी डाव्या हातात गेली आणि पुन्हा सुरुवात झाली. पण आता आजोबा रडण्याआधी हाताकडे बघत. जन्मात न चुकलेला माणूस एका ओळीच्या वाक्याला अडखळला. सातवा टेक बरा म्हणून ठेवला. त्यानंतर प्रत्येक शॉटआधी ते ताईला विचारू लागले, "पोरी, चष्मा होता ना माझ्या डोळ्यांवर? दार मीच लावलं होतं ना?" ती मी काढलेले फोटो दाखवायची, प्रेमाने, न कंटाळता. तो सिनेमा संपल्यावर आजोबांनी पुन्हा काम घेतलं नाही.

सिनेमा लागला त्याच आठवड्यात ताईला मुलगी झाली, त्यामुळे तो बघायचा राहूनच गेला. पुढे नवे कॅमेरे आले. माझे कागद मिळेनासे झाले. मी फोटोंच्या खोक्यासह कपाटावर गेलो आणि धूळ खात पडलो.

दहा वर्षांनी एका रविवारी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. लेकीने भीती वाटू नये म्हणून आपला नेहमीचा खेळ मांडला होता, चुका शोधायचा. आईचीच लेक ती!

"आई, सापडली! येताना आजोबांची अंगठी उजव्या हातात आणि रडताना डाव्या. उडी मारून गेली!"

"विसरले असतील गं ते," ताई म्हणाली. "खूप विसरायला लागले होते." पण ती बोलता बोलता थांबली. खुर्चीवर चढून तिने खोकं काढलं, त्याच्यासोबत मीही खाली आलो. फोटो सापडला. त्यात आजोबांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्यातले सगळे आकडे उलटे होते.

"आई, काय झालं? रडतेस का?"

पुढच्याच दिवशी ताई मला आणि फोटोला घेऊन आजोबांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, आजींनी, दार उघडलं. आत जिकडेतिकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅस बंद केला. चावी खुंटीवर. गोळी सकाळची, घेतली. "दहा वर्षं झाली," आजी म्हणाल्या. "डॉक्टर सांगून थकले, डोकं ठणठणीत आहे म्हणून. ह्यांना काही पटत नाही."

आजोबा खिडकीशी बसले होते. ताईने फोटो त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. आरसा, अरुंद खोली, उलटे आकडे.

आजोबांनी कॅलेंडरावर बोट ठेवलं.

"तेव्हाच सांगायचंस गं," ते म्हणाले.

"तेव्हा मला कळलंच नाही हो, आजोबा."

"मला कळत होतं," ते म्हणाले. "पण मी तुझ्या फोटोचं ऐकलं."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू सांभाळा, त्यांच्यावरची धूळ पुसा, त्यांच्याकडून कामही करून घ्या. चुकाही खुशाल शोधा. पण एखादं माणूस डोळे पुसत "मला पक्कं आठवतंय" म्हणत असेल, तर माझ्या तोंडातून निघालेला कागद त्याच्यापुढे धरण्याआधी एवढं करा. तो कागद कुठे उभं राहून काढला होता, ते आधी आठवा.