खंडेनवमीचा पाना

सुभद्राबाईच्या घरात दोन धडधाकट पुरुष होते, दोघांनाही देवानं जीभ दिली होती, आणि तरी दसऱ्याच्या तोंडावर त्या घरातलं सगळं बोलणं तिच्या एकटीच्या तोंडून चाललं होतं. नवरा हिंमतराव ओसरीवरून म्हणायचा, "त्याले सांग, विहिरीवरची मोटर बंद कर." 'तो' म्हणजे पोटचा पोरगा शेखर, तिथंच हातभर अंतरावर भाकर मोडत बसलेला. तो घास गिळायचा आणि म्हणायचा, "माय, त्याईले सांग, मोटर कवाचीच बंद केली." मग दोघंही तिच्याकडे पाहायचे. तिनं सांगितल्याशिवाय दोघांच्याही कानात काही शिरतच नसे.

"तुमी दोघं बहिरे हाय, का मी येडी हाय?" ती एकदा कडाडली.

भांडणाचं मूळ अंगणात उभं होतं. हिंमतरावाचा जुना, पुढे लांब नाक असलेला ट्रक. ऐन जवानीत घेतलेला. उंद्री गावचा कांदा, मिरची, झेंडू त्यानं याच ट्रकमधून चिखलीला आणि खामगावला पोचवला होता. गावात त्याला आडनावानं कोणी ओळखत नसे, ट्रकवाले हिंमतराव म्हटलं की झालं. आता गाडी थकली होती, पण हिंमतरावाचं म्हणणं असं की माणूस थकतो, लोखंड थकत नाही. त्या ट्रकची चाकं अजून जुन्या पद्धतीची होती. टायर जागेवर धरून ठेवायला त्यांना बाहेरून एक लोखंडी कडं बसवलेलं असे. तसल्या मापाचे टायर आता शोधूनही मिळत नव्हते. गेल्या उन्हाळ्यात शेखर हवा भरत असताना ते कडं सुटलं आणि वरच्या छपराचा पत्रा फाडून गेलं. शेखर नेमका खाली वाकला होता, म्हणून वाचला. सुभद्राबाईनं पत्र्याचं ते भगदाड पाहिलं आणि पोराला जवळ ओढून त्याचं डोकं चाचपलं. हिंमतराव मात्र म्हणाला, "हवा भराची अक्कल लागते." हे वाक्य तिनं आजवर माफ केलेलं नाही.

मागच्या चाकांचा आस, एक्सल, तोही मोडून वेल्डिंग करून चालवलेला. शेवटी भादव्यात हिंमतराव बहिणीकडे सुलतानपूरला गेला आणि शेखरनं संधी साधली. त्यानं ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवला, पुढचा-मागचा असे दोन्ही एक्सल उतरवले, आणि अलीकडच्या गाडीचे एक्सल चाकांसकट आणून बसवायला घेतले. हिंमतराव परत आला तेव्हा ट्रक बिनपायाचा, पोट उघडं टाकून उभा होता. "बाप मेल्यावर कराचं, ते यानं जित्तेपणीच केलं," एवढंच तो बोलला. त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला. नव्या चाकांकडे तर त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. सुभद्राबाईच्या मते पोराचं काम सोळा आणे बरोबर होतं आणि रीत साफ चुकलेली. पण तिचं मत विचारतो कोण? तिच्याकडे फक्त निरोप यायचे.

खंडेनवमीला दुपारी काम आटोपत आलं. शेखरनं चाकं चढवली, नट हातानंच फिरवून लावले, आणि ट्रक ठोकळ्यांवरून जमिनीवर घेतला. नट पक्के आवळायचे ते चाक जमिनीला टेकल्यावरच, अधांतरी आवळायला गेलं तर चाकच गरगर फिरतं. तेवढ्यात तो हात धुवायला गेला. परत येतो तर एकही अवजार जाग्यावर नाही. हिंमतरावानं कुदळी, विळे, वखराची पास, झाडून सगळं लोखंड देवापुढे मांडलं होतं आणि मधोमध चाकाचा लांबलचक पाना, हळदीकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून. खंडेनवमीला पूजेत बसलेलं अवजार दसरा उजाडेपर्यंत कोणी हलवत नाही. हे उंद्रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शेखर लालबुंद होऊन चुलीपाशी आला. "माय, त्याईले सांग, नट नुसते हातानं लावलेत. उद्या सकाळी आवळतो. तवलोक गाडी हालवू नोका म्हणा."

सुभद्राबाई पुरण वाटत होती. तिनं वरवंटा आपटला. "ओसरीवर तर बसेल हाय तुहा बाप. तूच सांग."

"मी नाही बोलत त्याईच्यासंग."

"मंग मीबी नाही बोलत! मी काय या घरची टपालवाली हाओ? आजपासून तुहा निरोप त्याईले नाही, अन् त्याईचा तुले नाही. जळो ते तुमचं मोठेपण!"

"नोको सांगू," म्हणत शेखर पाय आपटत झेंडूच्या वावरात निघून गेला. तिथं उद्याच्या बाजारासाठी फुलं तोडायला बाया लागल्या होत्या.

आणि सुभद्राबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. इतके दिवस दोघांच्या मधे जात्यातल्या दाण्यासारखी भरडली गेली होती, आज बसा म्हणावं बोंबलत. गाडीला हात लावायला म्हातारा कुठं जातो? त्या चाकांचं तर त्याला तोंडही पाहायचं नाही.

थोड्या वेळानं हिंमतराव आत आला. शेखरनं उद्याच्या फुलांसाठी भाड्याची पिकप गाडी ठरवल्याचं शेजारचा एकजण त्याला सांगून गेला होता आणि त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "फुलं आपल्या वावरातली, गाडी आपल्या दारात, अन् माल चिखलीले जाणार भाड्याच्या पिकपमधी? गावानं थुंकावं माह्या तोंडावर? त्याले इचार, काऊन नाक कापून राह्यला माहं!"

सुभद्राबाईनं मान वर केली नाही. पुरण वाटत राहिली. तिनं ठरवलं होतं ते ठरवलं होतं.

बाहेर नारळ फुटला. गाडीची पूजा, ती तो दरवर्षी करायचाच. नाकाला हार, काचेला कुंकू. मग इंजिन सुरू झालं. चाकाखाली लिंबं ठेवली असणार, त्यावरून गाडी हातभर पुढे घ्यायची असते, एवढ्यानं काय होतं, असं तिनं मनाशी म्हटलंसुद्धा. लिंबं फुटली. पण इंजिन थांबलं नाही. आवाज फाटकाकडे गेला, फाटकाबाहेर गेला, आणि वावराच्या वाटेला लागला.

फुलं आणायला निघाला होता म्हातारा. तिथून भरल्या गाडीनं थेट चिखलीला.

सुभद्राबाई पुरणाच्या हातानं धावली. वाट शाळेला वळसा घालून जाते, ती मधल्या बोळातून घुसली. अनवाणी, पदर कुठं, काटे कुठं, आणि तोंडानं शिव्या. नवऱ्याला, पोराला, ट्रकला, खंडेनवमीला. "मेल्याहो! दोघंबी मेल्याहो!" पुढे वाट उताराची होती आणि उताराच्या तळाशी नाल्यावरचा बिनकठड्याचा पूल. उताराच्या तोंडाशी पोचली तेव्हा समोरून ट्रक येत होता, हार मिरवत, आणि मागचं डावं चाक दारू प्यायल्यासारखं डुगडुगत होतं.

ती वाटेच्या मधोमध उभी राहिली.

हिंमतरावानं हॉर्न दाबला. ती हलली नाही. त्यानं पुन्हा दाबला, मग ब्रेकवर उभाच राहिला, आणि ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"मराचं हाय का तुले?" तो खिडकीतून गरजला.

"मराले तुमी निघाले होते! उतरा! उतरा खाली अन् पाहा ते चाक!"

तिचा अवतार पाहून तो उतरला. मागे गेला. इतके दिवस ज्या चाकाकडे पाहिलं नव्हतं, त्यापुढे वाकला. काही नट वाटेतच गळून पडले होते. उरलेल्यातल्या एकाला त्यानं दोन बोटं लावली, तर तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला. त्यानं खाली पुलाकडे पाहिलं आणि तिथंच मातीत बसकण मारली.

हॉर्न ऐकून पुलापलीकडच्या वावरातून शेखर पळत आला आणि चार पावलांवर थबकला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

हिंमतराव बायकोकडे पाहून म्हणाला, "त्याले इचार—"

"तोंडानं इचारा!" ती अशी ओरडली की फुलं तोडणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. "समोर हाय तो! तोंडानं इचारा!"

हिंमतरावानं ओठ चावला. मग म्हणाला, "शेखर, तुले ठाऊक होतं?"

"होतं, बा. म्या मायले सांगतलं होतं. गाडी हालवू नोका म्हणून सांगजो म्हटलं होतं."

हिंमतराव हळूच तिच्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "कवा सांगतलं त्यानं?"

"दुपारी."

"मंग तू काऊन नाही सांगतलं मले?"

कितीतरी दिवस सुभद्राबाईनं दोघांसाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या, एकेकाला निरनिराळ्या. तिनं तोंड उघडलं आणि त्यातली एकही बाहेर आली नाही. हाताला लागलेलं पुरण वाळून बोटं ताठ झाली होती. शेखर पाना आणायला घराकडे पळाला. पूजेतला उचलू का, हे त्यानं विचारलं नाही, आणि बापानंही अडवलं नाही. हिंमतराव मातीत बसून तिच्या तोंडाकडे पाहत होता. तो अजून उत्तराची वाट पाहत होता.