पायाळू बापूजींची लाथ

मोहगावच्या बाजाराच्या मैदानात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सौंसर, पांढुर्णा, तिगाव, कुठून कुठून लोक आले होते. कोणी बैलगाडीत आडवे पडून, कोणी मुलाच्या खांद्याला धरून. मधोमध सतरंजी आणि तिच्याशेजारी पायाळू बापूजी. पायांकडून जन्मलेला तो पायाळू, आणि त्याची लाथ कंबरेला लागली की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. बापूजींनी या समजुतीवर दुकान थाटलं होतं.

सतरंजीवर अंबाबाई उताणी पडली होती. बापूजींनी तिच्या दोन्ही टाचा धरल्या, जोडल्या आणि लोकांना दाखवल्या. डावा पाय दोन बोटं आखूड दिसत होता.

"पाहून घ्या," बापूजी म्हणाले. "हाडात वारा शिरला, त्यानं पाय वर ओढला. डॉक्टरले वारा दिसते का? मी पायानं जगात आलो. माझा पाय वाऱ्याले ओळखते."

त्यांनी काही पुटपुटत पाय हलवले, पुन्हा जोडले. टाचा सारख्या झाल्या. लोकांनी हात जोडले. मग अंबाबाईला पालथी करून त्यांनी कंबरेवर लाथ घातली आणि तिला उभं केलं. ती आठ-दहा पावलं चालली. तिचा नवरा नत्थूजी रडत बापूजींच्या पाया पडला.

मी त्या गर्दीत होतो आणि गप्प राहिलो.

मी मोरेश्वर, सौंसरच्या शाळेत कवायत शिकवायचो. एकोणीसशे पंचावन्न साली शाळेचं कपाट सरकवताना माझी पाठ गेली आणि नागपूरच्या एका इस्पितळात व्यायामानं बरी झाली. तिथं पाठीच्या व्यायामाचे वर्ग घेणारे शिक्षक तयार करत. शिकवणाऱ्या विजयाबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भागात संत्र्यांचे पेटारे उचलणारी किती माणसं आहेत. शिकून जा." मी बिनपगारी रजा काढली.

पहिल्या परीक्षेत नापास झालो. समोर एक विणकर बसवला होता. मी त्याला मोठ्या उत्साहानं सहा व्यायाम शिकवले. विजयाबाईंनी विचारलं, "त्याच्या पायाला मुंग्या येतात का, हे विचारलंत? व्यायाम कोणाला द्यायचा नाही, हे ज्याला कळत नाही त्याला मी प्रमाणपत्र देत नाही." तीन महिन्यांनी, छप्पनच्या ऑक्टोबरात, पास झालो.

नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आलं: परराज्यातलं प्रमाणपत्र चालेल की नाही ते ठरायचं आहे, तोवर शाळेत वर्ग घेऊ नये. मग मी घराच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. पाच बाया येत. पहिल्याच दिवशी अंबाबाई आली. संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. तिला संध्याकाळी ताप यायचा, एक पाऊल बधिर होतं आणि मणक्याच्या एकाच हाडावर बोट टेकलं तरी ती कळवळायची.

"अंबाबाई, तुले मी व्यायाम देणार नाही," मी म्हटलं. "नागपूरले जा. उशीर करू नको."

सोबत आलेला नत्थूजी हसला. "म्हणजे तुमच्यानं होत नाही, गुरुजी. अन् कागद बी तुमचा परराज्याचा, आफिसवालेच म्हणून राहिले."

ते मला लागलं. मोहगावला मी गप्प होतो तो याच बोलण्यामुळे. माझं कोण ऐकणार, असं मनात आलं.

लाथेच्या त्याच रविवारी संध्याकाळी नत्थूजीची गाडी माझ्या दाराशी थांबली. अंबाबाई गाडीतून उतरू शकत नव्हती. तिनं हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, माझे पाय कुठी आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला घेऊन नागपूर गाठलं. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो काढला. क्षयानं मणका आतून पोखरलेला होता. औषधं आणि प्लास्टर मिळालं असतं तर बहुधा सांधला असता. लाथेनं तो चुरला. पाय परत येणार नव्हते.

पुढच्या रविवारी मी मोहगावला गेलो आणि रोगी म्हणून सतरंजीवर झोपलो. बापूजींनी टाचा जोडून सांगितलं, "डावा दोन बोटं आखूड."

"थांबा," मी म्हटलं. बाजारातल्या चिंधू शिंप्याला हाक मारली आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत माझे दोन्ही पाय त्याच्या फितीनं मोजायला लावले.

"सारखेच आहेत जी," चिंधू म्हणाला. त्यानं पुन्हा मोजलं. सारखेच.

"शिंप्याच्या फितीले देवाचं माप समजत नाही," बापूजी म्हणाले. दोघं-चौघं हसले, पण जरा कमीच.

मग मी चिंधूलाच झोपवलं. "आता पाहा. दोन्ही पाय मी याच्या उजवीकडे किंचित झुकवले. डावा आखूड दिसतो. डावीकडे झुकवले, आता उजवा आखूड. सरळ केले, दोन्ही सारखे. यात वारा नाही. पाय कोणीकडे झुकवले, तेवढंच आहे. तुम्ही टाचा पाहता, कंबर पाहत नाही."

मागून एक म्हातारा म्हणाला, "मग अंबाबाई चालली कशी?"

नत्थूजी माझ्याबरोबर आला होता. तो पुढे झाला. "गाडीतून उतरून ती इथवर चालतच आलती, बाबा. चालणारी बाई चालली. आता नाही चालत. तिले उचलून ठेवा लागते."

बापूजी सतरंजी न घेताच निघून गेले. पंधरा दिवसांनी कळलं, ते दुसऱ्या एका बाजारात बसतात आणि गर्दी तेवढीच असते.

माझ्या प्रमाणपत्राला वर्षानं मंजुरी आली. अंबाबाई त्याआधीच, अंथरुणाला खिळून पाठीला झालेल्या जखमांनी, गेली.

आज वर्गाला आलेल्या प्रत्येकाला मी फीत देतो आणि पाय मोजायला लावतो. मग सांगतो: कोणापुढेही पाठ उघडी करण्याआधी विचारा, हे कुठं शिकलात, परीक्षा कोणी घेतली, आणि कोणत्या रोग्याला तुम्ही हात लावत नाही. माझ्यापुढे उघडी करण्याआधीही विचारा. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्यापुढून उठा आणि डॉक्टरकडे जा.