चाल स्वतंत्र

व्यंकटराव मास्तरांनी गठ्ठ्याची सुतळी दातांनी तोडली आणि वरचं पुस्तक खाजा मियाँच्या हातात दिलं. सोळा पानांचं, नांदेडहून छापून आलेलं. मास्तरांच्या संगीत नाटकातली सगळी पदं त्यात होती. उद्या गोरेगावात पहिला प्रयोग, म्हणून ही पुस्तकं लोकांना वाटायला आणलेली.

खाजा मियाँला मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू येत होतं. पदांच्या चाली मात्र त्याच्याच. सगळा उन्हाळा पेटीपुढं बसून त्यानं एकेका ओळीला सूर लावला होता. पुस्तक नाकाशी नेऊन त्यानं शाईचा वास घेतला.

"मास्तर, याला लिब्रेटो म्हंतेत."

"काय?"

"हिंगोलीला छावनी होती तवा मी बँडात होतो. आमचा बँडमास्टर इटलीकडला. त्याच्या मुलखात आख्खं नाटक गाऊनच करतेत. त्याच्या शब्दांची किताब म्हंजी लिब्रेटो. लिब्रो म्हंजी किताब, लिब्रेटो म्हंजी लहान किताब. लोकं ती हातात धरून नाटक बघायचे."

"एवढंच?" एवढ्या भारदस्त शब्दाचा अर्थ काहीतरी मोठा निघेल, असं मास्तरांना वाटलं होतं.

"एवढंच. सूर त्यात न्हाई ना, मग लहानच की." म्हातारा हसला.

मास्तरही हसले, पण जरा उशिरा. अशा पुस्तकांत प्रत्येक पदावर त्याची चाल कुठली ते छापायची रीत होती. मास्तरांनी सगळीकडं 'चाल : स्वतंत्र' एवढंच छापून घेतलं होतं. कुणाची स्वतंत्र, ते कुठंच नव्हतं. पहिल्या पानावर एकच नाव, त्यांचं स्वतःचं. जागा नव्हती, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जागा अर्धं पान होती.

"पयलं पान वाचा की."

मास्तरांनी पुस्तक घेतलं. घसा खाकरला.

"संगीत कनकवल्ली. पदे, व्यंकटराव पुसेगावकर. चाली..." ते थांबले. "चाली, खाजा मियाँ, गोरेगाव."

"गोरेगाव बी छापलं?"

"व्हय, चाचा."

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की मास्तरांचे कान तापले. त्यांना स्वतःची किळस आली.

"हाजरा! इकडं ये गं. वाचून दाखव."

हाजराबी ही त्याची लेक. शेजारच्या बायकांत बसून मराठी वाचायला शिकलेली. ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, तसे मास्तर उठले.

"चाचा, निघतो. तालीम हाय."

"बसा हो. लेकीच्या तोंडून ऐकू द्या."

हाजराबीनं पान उघडलं. तिचं बोट मास्तरांच्या नावाखालून सरकलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं. दाराआड तिनं सगळं ऐकलंच होतं. तिनं बापाकडं पाहिलं. मास्तरांकडं पाहिलं नाही.

"संगीत कनकवल्ली," ती वाचू लागली. "पदे, व्यंकटराव पुसेगावकर." तिचा आवाज जराही हलला नाही. "चाली, खाजा मियाँ, गोरेगाव."

"बराबर," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मास्तरांना मान वर करवेना.

हाजराबीनं पुस्तक मिटून ओढणीखाली धरलं.

"अब्बा, मी ठेवते हे. कुनाला दाखवत फिरू नका, फाटंल."

"मी काहून दाखवू?" खाजा मियाँ खुशीत म्हणाला. "उद्या सगळ्या गावाच्या हातात असनार हाय की."