नाइटचा आठवडा

"आजबी डाळ कच्चीच हाय." आजीनं पळीतला दाणा चिमटीत दाबून बघितला आणि नातीच्या कानाशी कुरकुर केली. "मामा जेवायला यायलाय. त्याला काय बत्ता देऊ का दाणं फोडायला?"

रश्मीनं ओठांवर बोट ठेवलं. आजीनं लगेच तोंड मिटलं आणि अलगद हातानं कुकरचं झाकण परत लावलं.

त्या घरात कुजबुजायची रीत जुनी होती. रश्मीचे पप्पा, म्हणजे सतीश, कुरकुंभला एका केमिकल कंपनीत कामाला. शिफ्ट आठवड्याला बदलायची. नाइटचा आठवडा आला की दिवसा तो झोपणार, आणि घर मांजरीच्या पावलांनी चालणार. खिडकीला आतून कागद चिकटवलेले, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. त्याच्या बायकोचं, सीमाचं, शिलाई मशीन बंद. कुकरची शिट्टी काढून ठेवायची आणि डाळ नुसत्या झाकणावर शिजवायची. ती शिजली तर शिजली. दौंडला रेल्वेचे भोंगे रात्रंदिवस वाजतात, त्यानं सतीशची झोप कधी मोडली नाही. पण घरात वाटी पडली तरी तो उठून बसायचा. नंतर फर्स्ट शिफ्ट लागली, की टीव्ही, मशीन, सासू-सुनेची राहिलेली भांडणं, सगळ्याची एकदम वसुली व्हायची.

सतीश गेला तो नाइटच्याच आठवड्यात. सकाळी सुट्टी होऊन मोटरसायकलवर घरी येताना, हायवेला. त्याला आता वर्ष होत आलं. पण तो आठवडा काही संपला नाही.

त्याचं कारण आपण आहोत, असं रश्मीला वाटायचं. त्या दिवशी सतीशला आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी एकदम गळा काढला. रश्मी आतून धावत आली आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शू... पप्पा झोपलेत."

बायका गप्प झाल्या. भरात आलेलं रडं असं कापल्यासारखं थांबतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मग भंतेजी आले, वंदना झाली, तीही खालच्या आवाजात. पुढं पुण्यानुमोदनाला आलेले लोकसुद्धा हळू बोलले, हळू जेवले आणि गेले. त्या वाक्याबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. पोरीला धक्का बसलाय, सांभाळून घ्या, एवढंच एकमेकांना सांगितलं. सीमानं कडीची चिंधी सोडली नाही, खिडकीचे कागद काढले नाहीत. मशीनवर चादर घातली ती घातलीच. साडीला फॉल ती हातानं लावायची. पिकोचं काम आलं की बाईला दुसरीकडं पाठवायची. पोरीनं झोपलेत म्हटलंय ना, मग राहू दे. आणि पोरगी म्हणायची, मी बोट ठेवलं म्हणून आईला रडता आलं नाही; आता तिच्याआधी मी कशी रडू?

दोघी अशा एकमेकींची वाट बघत बसलेल्या.

रश्मीनं रडायला जागा शोधली नव्हती असं नाही. न्हाणीघराची भिंत शेजारच्यांशी सामाईक. एकदा ती रेल्वेच्या पुलावर जाऊन उभी राहिली. खालून मालगाडी आली, चांगली लांबलचक, पोटभर रडून होईल एवढी. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीमागून वस्तीतले गोकुळकाका.

"सतीशची ना गं तू? उन्हाची कुठं निघालीस? आई बरी हाय का?"

आई बरी आहे हे सांगेपर्यंत मालगाडी गेली.

शाळेतही तिचा आवाज आखडत गेला. "बोलतीस का नुसतं ओठ हलवतीस?" असं वर्गातली वैष्णवी एकदा हसून म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं, आणि त्यानंतर तिनं रश्मीला काही विचारणंच बंद केलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा रश्मीनं घरी मार्क सांगितले, तेही कानात.

विनोदमामा आला. शिरूर-तळेगाव ढमढेरे लाइनला जीप चालवणारा माणूस, स्टँडवरून ओरडला तर पलीकडच्या हॉटेलातला चहा सोडून प्रवासी उठावा असा गळा. पण या घरी चपलेबरोबर तो आवाजही दारात काढून ठेवायचा.

"ताई," तो सतरंजीवर बसत कुजबुजला, "रश्मीला अकरावीला शिरूरला पाठव. माझ्याकडं राहील. पोरांचा नुसता गोंगाट असतो घरात, जरा रमेल."

सीमा सुईत दोरा ओवत होती. "तिला विचार."

मामानं रश्मीकडं पाहिलं. जायचं होतं तिला. गोंगाट हा शब्द तिनं मनातल्या मनात म्हणूनही पाहिला. पण आपण गेलो तर या कागद लावलेल्या खोलीत आई आणि तिचा दोरा, एवढंच उरणार.

"आईला विचार," ती म्हणाली.

मामानं आळीपाळीनं दोघींकडं पाहिलं. जीपच्या दाराशी दोन पाहुणे 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत उभे राहावेत आणि गाडी हलू नये, तसं त्याचं झालं.

"मोठ्यानं बोल की गं," तोही हळूच म्हणाला.

रश्मी उठून ओट्याकडं गेली. कुकरच्या तोंडातून नुसती वाफ निघत होती. वरच्या फळीवर पप्पांचा जुना, वापरात नसलेला जेवणाचा डबा होता. त्या आठवड्यात काढलेली शिट्टी सीमानं त्यातच ठेवली होती, ती कुणी बाहेर काढली नव्हती. रश्मीनं काढली. ठरवून असं काही केलं नाही. डाळ कच्ची होती आणि मामा उपाशी होता. तिनं शिट्टी बसवली आणि आच मोठी केली.

वाफ कोंडली. शिट्टी जागच्या जागी थरथरली, फुरफुरली आणि मग सगळ्या घरभर वाजली.

सीमाच्या मांडीवरची साडी खाली पडली. ती धावत आली. "अगं बंद कर, बंद कर, त्यांची झोप..."

 रश्मीचं बोट आपोआप ओठांवर गेलं होतं. मामा दारात उभा. कुकर पुन्हा वाजला, आणि गॅसकडं कुणाचाच हात गेला नाही.

आजी भिंतीला धरून उठली. तिनं रश्मीचं ते बोट मुठीत घेतलं आणि ओठांवरून खाली ओढलं.

"कुणाची झोप मोडती, पोरी?" आजी म्हणाली. कुकरच्या आवाजावर ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "सतीश झोपला न्हाई. सतीश मेला. माझा लेक मेला."