मान वळवणारं पाखरू

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी, लग्नानंतर तीन महिन्यांनी, खाणीजवळच्या रिकाम्या गोदामात दगडातलं पाखरू मान वळवू लागलं.

पहिल्या दिवशी वीसेक माणसं होती. आठवडाभरात दार अपुरं पडलं. लोक ट्रकमधून यायचे, आजाऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणायचे. समोर काळा पडदा असायचा. तो सरकला की लाकडी चौकटीत बसवलेली ताटाएवढी फरशी दिसायची आणि तिच्यात ते पाखरू. तपकिरी हाडं, एकेक मोजून घ्यावीत अशी. पंख पसरलेले. पिसांच्या रेघा इतक्या बारीक, की फुंकर मारली तर हलतील असं वाटायचं. मान मागे टाकलेली, तोंड डावीकडे.

"दात बघा त्याचे," पाखरूबाबा म्हणायचा. "पाखराला कधी दात असतात? याला आहेत. रोग चावून काढायला. पंखाला नखं कशाला? रोग धरून ठेवायला. आणि ही हाडांची लांब शेपटी? पकडलेला रोग बांधून न्यायला."

हा बाबा आधी खाणीच्या वजनकाट्यावर बसायचा. ट्रकच्या वजनात खोट केली म्हणून मालकानं त्याला घालवला होता. पण भगवं नेसल्यावर आधीचं कोण आठवतो?

आजारी माणसाला उजवीकडे बसवायचे. मग पडदा ओढला जायचा, घंटा वाजायची, पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा. पडदा उघडला की पाखराचं तोंड उजवीकडे. थेट आजाऱ्याकडे. गर्दीचा श्वास एकदम वर जायचा आणि कुणीतरी हुंदका द्यायचं.

एकदा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "बाबा, डावीकडे बघतं तेव्हा हाडं वर आलेली असतात, उजवीकडे वळलं की खोल जातात. असं का?"

"रागात असलं की फुगतं, आजी. प्रसन्न झालं की अंग आत घेतं."

"आमच्या मुकादमासारखंच," मागून कुणी म्हणालं. थोडं हसू झालं, आणि म्हातारीचा प्रश्न त्या हसण्यात बुडाला.

मी हसलो नाही. मी हात जोडून उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी शहाण्यासारखा बोलायला लागलो की तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासून शहाणा होतो.

माझ्या हात जोडण्याला दोन कारणं होती. एक म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला क्षय झाला होता. दवाखान्यातून गोळ्या सुरू होत्या, रोज, सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. दोन महिन्यांत तो जेवायला लागला होता. पण पाखरू काही त्याच्याकडे वळेना. बाबा म्हणाला, "तुझ्या पोटात औषध आहे. तो कडू वास त्याला सहन होत नाही." भावानं गोळ्या बंद केल्या. पंधराव्या दिवशी पाखरू वळलं.

"दादा, माझ्याकडे बघितलं त्यानं," घरी येताना तो मला म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की मी गोळ्यांचा विषय काढलाच नाही.

दुसरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो दगड मी उघडला होता.

आमच्या खाणीत फरशीचा दगड निघतो. कडेला छिन्नी लावायची, नेमका ठोका द्यायचा, आणि दगड वहीसारखा उघडतो. कधी आत चित्र निघतं, मासा, पान, किडा. चित्राची फरशी कुणी घेत नाही. आमच्यात रीत अशी, की चित्र निघालं तर दोन्ही फरश्या तोंडाला तोंड लावून पुन्हा झाकायच्या, ढिगामागे ठेवायच्या आणि त्याबद्दल बोलायचं नाही. ज्यानं उघडला त्यानंच झाकायचा. उघडा राहिला तर आतलं बाहेर येतं म्हणतात.

थोरलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी तो दगड उघडला. आत बारीक दात दिसले. झाकला, ढिगामागे टाकला, घरी आलो, पाहुण्यांत मिसळलो. महिन्याभरात भाऊ खोकायला लागला. मग तो दगड गोदामात उभा राहिलेला पाहिला. बाबानं तो ढिगामागून उचलला असेल, हे तेव्हा सुचलंच नाही. मला वाटलं, मी नीट झाकला नव्हता. आतलं बाहेर आलं आणि माझ्याच घरात शिरलं. भिंतीपलीकडून भावाचा खोकला ऐकू यायचा तेव्हा मला ते बारीक दात दिसायचे. खाणीत छिन्नी लावताना मनात यायचं, पुढच्या दगडातून काय बघेल माझ्याकडे?

त्या वर्षी मी अक्षरं शिकत होतो. वय त्रेपन्न. खाणीच्या कॅन्टीनमध्ये संध्याकाळी एक बाई मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. दिवसा त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. एके दिवशी मी शाईच्या पेनानं 'भाऊ' हा शब्द लिहिला. पहिल्यांदाच धड आला. वर्ग संपला म्हणून वही मिटली. मग बाईंना दाखवावा म्हणून परत उघडली. शाई ओली होती. समोरच्या कोऱ्या पानावर तोच शब्द उमटला होता, उलटा. डावीकडचं उजवीकडे गेलेलं.

मी बघतच राहिलो.

"पान खराब झालं म्हणून वाईट वाटतंय का?" बाईंनी विचारलं.

"बाई, दगडाचंही असंच होतं."

मग मी सगळं सांगितलं. दात, नखं, रीत, भावाच्या गोळ्या. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "दगड उघडल्यावर किती फरश्या झाल्या?"

"दोन."

"गोदामात किती दिसतात?"

तीस वर्षं मी दगड उघडत होतो. दगडाला दोन तोंडं असतात हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं. भीती अशी असते. माणसाला येतं तेच विसरायला लावते.

बाईंनी वहीत चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, "हे भूत नाही. फार फार जुन्या काळी पाखरांना दात होते, पंखांवर नखं होती, सरड्यासारखी हाडांची शेपटी होती. सरपटणाऱ्यांच्याच एका घराण्यातून पाखरं आली. हे त्या वाटेवरचं. तळ्यात पडून मेलं, वर गाळ बसला, गाळाचा दगड झाला. एका फरशीत हाडं राहिली, दुसरीत त्यांचा ठसा. म्हणून एकीत वर, एकीत खोल."

"मग ते माझ्या घरात शिरलं नाही?"

"ते मेलं तेव्हा घर बांधायला माणूसच नव्हता. भावाला जंतूनं धरलंय. उद्याच्या उद्या त्याला गोळ्या सुरू करा."

घरी गेलो. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या पाया पडतो, पण पाखराचं वाकडं बोलू नकोस. ते तोंड फिरवेल." त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, बोलून काही होणार नाही. त्यांना डोळ्यांनी दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाऊ पाखरासमोर बसला असताना, मी गर्दीतून पुढं गेलो. बाबाला म्हणालो, "हा दगड मी उघडलाय. झाकायला आलोय."

निम्मी गर्दी खाणीचीच होती. वाद घातला असता तर त्यांनी मला उचलून बाहेर टाकलं असतं. पण रीत सगळ्यांना ठाऊक होती.

बाबा हसला. "देवाला झाकतोस, म्हाताऱ्या?"

"उघडणाऱ्यानंच झाकायचा," आमचा मुकादम मागून म्हणाला. "त्याचा हक्क आहे. होऊ दे."

"आज पाखरू रागात आहे," बाबा म्हणाला. "हात लावेल त्याचा हात झडेल."

"झडू दे. दुसरा आहे."

मी पडदा धरला आणि खाली ओढला. चौकट मधोमध लोखंडी खुंट्यावर बसवली होती, फिरत्या आरशासारखी. मी नुसतं बोट लावलं. चौकट गर्रकन फिरली. पाखरू डावीकडे बघत होतं, ते उजवीकडे बघायला लागलं. पुन्हा बोट लावलं, पुन्हा डावीकडे. मागच्या बाजूला दुसरी फरशी होती. फिरताना कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून घंटा, आणि खुंट्याला तेल.

मी खिळे काढले, दोन्ही फरश्या मांडीवर घेतल्या आणि तोंडाला तोंड लावून मिटल्या. हाड ठशात बसलं. कडेवरची माझ्या छिन्नीची अर्धी खूण दुसऱ्या अर्ध्या खुणेला मिळाली. बारीकसा आवाज झाला, डबीचं झाकण बसतं तसा. तो आवाज खाणीतल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचा होता.

बाबा मागच्या दारानं गेला. काही जण त्याच्यामागे धावले. मी नाही. मी भावाकडे बघत होतो. तो उजवीकडच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर हात ठेवून.

"म्हणजे त्यानं माझ्याकडे बघितलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही रे."

"कुणीच नाही?"

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. आणखी काय करणार?

त्याच संध्याकाळी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मधे दहा आठवडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धवट सोडलेलं औषध रोगाला पक्कं करतं. आता जोराच्या गोळ्या, इंजेक्शनं. त्यानं एकही चुकवली नाही. वेळ झाली की स्वतः हात पुढे करायचा.

दोन्ही फरश्या बाईंनी शहरातल्या संग्रहालयात दिल्या. तिथं त्या काचेत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, उघड्या वहीसारख्या. मी पाहून आलो. दोन्ही पाखरं एकमेकांकडे बघतात, माझ्याकडे नाही. तरी अजून कधी भिंतीपलीकडून खोकला येतो. मी उठतो, जाऊन बघतो. खोली रिकामी असते. खोकला माझ्या कानात आहे, खोलीत नाही. हेही तपासूनच कळलं.

खाणीत अजून काही जण म्हणतात, मी दगड मिटला म्हणून भाऊ गेला. त्यांना माझं एकच सांगणं आहे. कुणी काही दाखवलं तर हात जोडण्याआधी मागं जाऊन बघा. बघू देत नसेल तर तिथून उठा. आणि डॉक्टरनं दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.

माझा धाकटा भाऊ थोरलीच्या लग्नाला वर्ष पूर्ण व्हायच्या नऊ दिवस आधी, बुधवारी सकाळी, दवाखान्यात वारला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.