मोठ्या गटातलं पुस्तक

शनिवारची सकाळची शाळा सुटली, तरी मुग्धा पुस्तकांच्या कपाटापुढे फतकल मारून बसली होती. केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी मुलांना सुचवायची पुस्तकं निवडायचं काम तिच्याकडे आलं होतं. पहिली ते चौथीचा लहान गट, पाचवी ते आठवीचा मोठा गट. मुख्याध्यापक शेषेराव सर दारात चप्पल चढवता चढवता थांबले.

"ते आई घर सोडून जाते ते पुस्तक, मोठ्या गटात घातलंत की काय?"

"घातलं, सर. मुलांना सगळं गोडगोडच का द्यायचं?"

"गोड नका देऊ. पण सहावीच्या उज्वलानं काल तेच नेलंय. तिची आई दिवाळीपासून तिकडे कर्नाटकात, भालकीला माहेरी जाऊन बसलीय. तुम्हाला ठाऊक नाही?"

मुग्धाला ठाऊक नव्हतं. ती याच वर्षी बदलून या शाळेत आली होती. उज्वला पुस्तकांचा फडशा पाडणारी पोरगी, म्हणून तिनंच ते तिच्या हातात ठेवलं होतं. "हे वाच, आवडेल तुला," असं वर म्हणालीही होती. त्या गोष्टीतली मुलगी आईला पत्रं लिहीत राहते, वाट पाहते आणि शेवटच्या पानावरही आई येत नाही. तो खरा शेवट मुग्धाला फार भावला होता. आता तोच शेवट उज्वला घरी वाचत असेल.

निलंग्याला घरी आल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. दूध उतू गेलं. उज्वलाच्या वडिलांना, व्यंकटला, फोन लावावा तर तो लागेना. नवरा श्रीपाद म्हणाला, "पुस्तकच दिलंयस ना? विष तर नाही दिलं."

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि पुन्हा फोन लावत बसली.

रविवारी सकाळी मिळेल ती एसटी पकडून ती शाळेच्या गावाकडे निघाली. चुकून दुसऱ्याचं पुस्तक तुला दिलं, असं काहीतरी सांगून ते परत आणायचं, असं तिनं ठरवलं होतं. खिडकीबाहेर काढणीला आलेल्या तुरी सरकत होत्या आणि ती मनातल्या मनात वाक्य बदलून बदलून बघत होती.

उज्वलाची आजी नागम्मा ओट्यावर सुपात डाळ निवडत होती. "पोरगी मैत्रिणीकडं गेली की, मॅडम. पुस्तक बी घेऊन गेली."

मैत्रिणीकडे उज्वला नव्हती.  मैत्रीण हळूच म्हणाली, "ती काळी-पिवळी जीपमधी बसून औरादला गेली. तिथनं भालकीची गाडी मिळती."

 मुग्धा तशीच बांधाबांधानं शेतात पळाली. व्यंकट तूर कापत होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं, पुस्तकाचंही. त्यानं विळा टाकला, मोटारसायकल काढली आणि एवढंच म्हणाला, "घट्ट धरून बसा." औरादपर्यंत त्यानं गाडी दामटली. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मुग्धाला होऊन गेलं.

उज्वला स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसली होती. पायाशी कपड्यांची पिशवी, मांडीवर पुस्तक. व्यंकट खांबापाशीच थबकला. मुग्धा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"उज्वला, मी हे पुस्तक तुला द्यायला नको होतं."

"का?" पोरीनं चमकून वर पाहिलं. "मला तर त्या पोरीचा लई राग आला, मॅडम. नुसती चिठ्ठ्या लिवत बसली. उठून जायचं की! का गेलीस म्हनून तोंडावर इचारायचं."

"आणि आईनं नाही सांगितलं तर?"

"न्हाई तर न्हाई. इचारलं तर असल."

व्यंकट पुढे आला. "सांगून यायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का, अप्पा?"

 त्यानं तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, मधली दोन पानं उभ्या उभ्या वाचली. मग मुग्धाला विचारलं, "हे पोरांचं हाय का मोठ्यांचं?"

"मुलांचं," मुग्धा म्हणाली.

कानडी पाटीची गाडी फलाटाला लागली. उज्वला पिशवी उचलून उठली. व्यंकटनं पिशवीचा दुसरा बंद धरला.

"थांब. मी बी येतो."

"तुमी आल्यावर आई बोलंल का?"

"न्हाई बोलली तर भाईर बसतो मी. तू बोल."

चहाच्या हॉटेलवाल्याकडे मोटारसायकलची चावी टाकून तो लेकीमागोमाग चढला. बस धूळ उडवत निघून गेली.

 सोमवारी उज्वला आली नाही, मंगळवारीही नाही. शेषेराव सरांनी विचारलं, "यादीतून काढू का त्या पुस्तकाचं नाव?" ती "नका" म्हणाली खरी, पण दिवसभर फाटकाकडे बघत राहिली.

बुधवारी प्रार्थना सुरू असताना उज्वला धावत येऊन रांगेत उभी राहिली. मधल्या सुट्टीत मुग्धानं तिला बोलावून घेतलं.

"आई आली?"

"न्हाई. येनार न्हाई म्हनली. तिथं शिवणकाम करती." उज्वला बांगडी फिरवत होती. "लई रडले मी. मग तिनं सगळं सांगितलं, कायबी लपवलं न्हाई. सुट्टी लागली की ये म्हनली."

"आणि अप्पा?"

"भाईर बसलेले. आईनंच चहा नेऊन दिला. बोलले न्हाईत दोघं." एवढं सांगून ती मुलींच्या खो-खोत पळाली. मुग्धा तिला मैदानात बसताना, उठताना, धावताना बघत उभी राहिली.

पुढच्या पुस्तकवाटपाला रांग काही केल्या हलेना. मुग्धा प्रत्येकाला आधी विचारत होती, घरी कोण कोण असतं, झोपताना कुणाशी बोलतोस. मागची पोरं ढकलाढकली करू लागली. "मॅडम, पुस्तक द्या की लवकर!" कुणीतरी ओरडलं. पाचवीतला संगमेश्वर समोर हात पसरून उभा होता आणि तिचा हात कपाटात या पुस्तकावरून त्या पुस्तकावर जात होता.