बारावी बाई

हिलेबोर्गने तिवई खिडकीखाली ओढली, झगा एका हाताने गोळा केला आणि वर चढून बाहेर पाहिले. खाडीवर बर्फ धरला होता. पलीकडच्या रस्त्याने खारवलेल्या मासळीचा एक गाडा हळूहळू चालला होता. किल्ल्याकडे वळणारे दुसरे काहीच दिसत नव्हते.

"पडाल, बाईसाहेब," दारातून बोडिल म्हणाली. ती तुरुंगावरच्या नाईकाची बायको. "आणि पडलात तर लोक म्हणतील, चेटकीण उडायला गेली होती."

हिलेबोर्ग खाली उतरली. बोडिलने बिअरमध्ये शिजवलेल्या काळ्या पावाची पेज तिच्यापुढे ठेवली.

"दिसलं कुणी?"

"मासळी."

"मासळीला काही शपथ घेता येत नाही. खा आता. चेटकिणीलासुद्धा पोट असतंच."

हिलेबोर्गला हसू आले, आणि हसू आल्याचे तिचे तिलाच नवल वाटले. या खोलीत आल्यापासून तिच्याशी बोलणारी ही एकटीच. बोडिलची जीभ तिखट होती, पण ती पेज गरम आणायची. घरचे कोणी फिरकले नव्हते. ज्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणे हिलेबोर्गने रात्र-रात्र जागून काढली, त्या घरांतूनही साधा निरोप नव्हता. माणूस वर असताना दारात गर्दी, आणि पाय घसरला की दार आपोआप लागते, हे तिला ऐकून माहीत होते. आता तिने ते दार आतून पाहिले होते.

प्रकरण असे होते. थंडीच्या सुरुवातीला राजाचा तान्हा मुलगा तापाने गेला. त्याच सुमारास हिलेबोर्गच्या गढीजवळचे जुने देऊळ दगडांसाठी पाडायला घेतले, तेव्हा भिंतीच्या कोनाड्यात मेणाचे एक बाळ सापडले. ते ज्या कापडात गुंडाळले होते, त्यावर हिलेबोर्गच्या नावाची अक्षरे दोऱ्याने भरलेली होती. तिचा नवरा ओटे हयातभर ड्यूकचा उजवा हात होता. ड्यूक राजाचा सख्खा भाऊ, आणि दोघा भावांचे साप-मुंगसाचे नाते. ड्यूकच्या गोटातल्या विधवेपाशी मेणाचे बाळ! दरबाराला आयतेच फावले. युवराजाला मारायला तिने पुतळी केली, असे ठरून गेले.

विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "कापड माझं आहे."

खानदानी बाईला हाल करून बोलते करता येत नव्हते. तिच्या बरोबरीच्या बारा जणींनी धर्मग्रंथावर हात ठेवून ती निर्दोष असल्याची शपथ घेतली की ती सुटे. एखादी कमी पडली तर तलवार. आगीऐवजी तलवार, एवढाच खानदानाचा मान. अकरा जणी कुठल्याही चालत, बारावी मात्र सासरच्या घरातली लागे, कारण घरातले घरच्या बाईलाच ठाऊक. हिलेबोर्गच्या सासरी आता एकच बाई उरली होती : धाकटी जाऊ, बेआते.

"त्या यायच्या नाहीत," बोडिल म्हणाली. "त्यांचे यजमान राजाच्या पंगतीला बसतात."

"यजमान बसतात. ती नाही."

"बाईसाहेब, एका ताटातलंच खातात ना?"

हिलेबोर्ग पेज ढवळत राहिली. ते बाळ बेआतेने केले होते. लग्नाला पाच वर्षे होऊन कूस उजवेना, नवरा बोलायचा बंद झाला, तेव्हा धाकटी हिलेबोर्गच्या कुशीत येऊन रडली होती. जुन्या धर्माच्या दिवसांत बायका देवळात मेणाचे बाळ वाहत आणि संत आनाकडे मूल मागत, हे हिलेबोर्गने आजीकडून ऐकलेले. नव्या धर्मात त्याला बंदी होती. तरी दोघी पहाटे गेल्या. बेआतेने मेण आपल्या हाताने मळले, नखाने नाक-डोळे काढले. कोनाड्यात ठेवताना हिलेबोर्गचा जीव कळवळला. उघडे कसे ठेवायचे बाळाला, एवढ्या गारठ्यात? तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याला गुंडाळले. स्वतःला मूल नसलेल्या बाईच्याच हातून व्हावी अशी ही चूक होती.

बेआतेला मुलगा झाला. एस्किल. तो दुपट्यात असतानाच त्याचा बाप राजाच्या गोटात गेला, भावाभावांची चूल वेगळी झाली आणि जावांचे भेटणे तुटले.

"आणि हेही सांगून ठेवते," बोडिल म्हणाली. "हात ठेवायच्या आधी प्रत्येकीला ती बाहुली दाखवून विचारतात, ही पूर्वी पाहिली होतीस का? ग्रंथासमोर खोटं बोलणारीचं मूल जगत नाही म्हणतात. मागं एक बाई तिथंच घेरी येऊन पडली."

हिलेबोर्गचा चमचा थांबला.

"विचारतातच?"

"प्रत्येकीला. आणि एखादी नको असेल तर तिचा हात तुम्ही बाजूला सारायचा. ती मग बाद."

"असं कोण करतं?"

"भांडकुदळ बायका," बोडिल म्हणाली आणि रिकामे भांडे घेऊन गेली.

बेआतेने "पाहिली" म्हटले तर तिची मान, "नाही" म्हटले तर एस्किलचा जीव. बेआतेने येऊ नये, असे तिला वाटायला हवे होते. वाटत मात्र नव्हते. ती यावी, निदान दारात दिसावी, एवढेच वाटत होते. आपण इतक्या आपमतलबी असू, हे तिला आजवर माहीत नव्हते. ती उठून पुन्हा तिवईवर चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायसभा भरली. ड्यूकच्या गोटातल्या अकरा जणी केसाळ कातड्यांचे अंगरखे घालून ओळीने पुढे आल्या. "पाहिली नाही," म्हणत त्यांनी हात ठेवले. एकीनेही हिलेबोर्गकडे पाहिले नाही. त्या ड्यूकसाठी आल्या होत्या, हे तिला कोणी सांगायला नको होते.

बाराव्या बाईचा पुकारा झाला. कोणी उठले नाही. दरबारच्या वकिलाने टोपी हातात घेतली. तेवढ्यात मागचे दार उघडले.

बेआते एकटीच होती. दासी नाही, नवरा नाही. त्याने घोडेही दिले नसावेत. झगा गुडघ्यापर्यंत भिजून पायांना चिकटला होता. सभेत कुजबुज उठली आणि वकिलाने टोपी खाली ठेवली.

"तू हिची कोण?" न्यायाधीशांनी विचारले.

"धाकटी जाऊ."

"ही बाहुली पूर्वी पाहिली होतीस?"

बेआतेने मेजावरच्या बाळाकडे पाहिले. मग हिलेबोर्गकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण नजर ठाम होती. तिने श्वास घेतला आणि हात ग्रंथाकडे नेला. ही खरे सांगायला आली आहे, हे हिलेबोर्गला कळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचे ओझे उतरले. ती झटकन पुढे झाली. पहारेकरी हलायच्या आत तिने जावेचा हात फटकन बाजूला सारला.

"हिची शपथ मला नको."

"कारण?"

"जावाजावांत कारण लागतं होय?" हिलेबोर्गने आवाज चढवला. "सासूबाईंचे चांदीचे चमचे हिनं लाटले, ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत. हिच्या उपकारानं जगण्यापेक्षा तलवार बरी."

सभा हसली. दरबारचा वकीलही हसला. अकरा जणींपैकी एक मोठ्याने "मूर्ख बाई" म्हणाली. ते चमचे हिलेबोर्गनेच एस्किलच्या बारशाला धाकटीच्या ओटीत घातले होते.

"जाऊबाई..." बेआते पुढे सरली. तिने हात पुन्हा उचलला, तो हिलेबोर्गने मनगटाशी घट्ट धरला. लोकांना वाटले, आता या झिंज्या उपटणार. दोघींची डोकी जवळ आली.

"बोलायला लागला का गं?" हिलेबोर्गने हळूच विचारले.

"थांबतच नाही," बेआते म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "दिवसभर नुसती टकळी."

"मग घरी जा. आईशिवाय कोण ऐकणार त्याचं?"

तिने मनगट सोडले. पहारेकऱ्यांनी बेआतेला दाराकडे नेले. जाता जाता ती दोनदा थबकली, आणि दोन्ही वेळा हिलेबोर्गने मान हलवून "नको" म्हटले. न्यायाधीशांनी विचारले, घरची दुसरी कोणी बाई आहे का. हिलेबोर्ग दार लागेपर्यंत त्या पाठमोऱ्या जावेकडे पाहत होती. न्यायाधीशांना तो प्रश्न पुन्हा विचारावा लागला.